लाळाईपुढचा उष्टा घास

मंडळी, तोंडातला तोबरा आधी गिळा, नाहीतर माघारी जाऊन टाकून या. घोसरवाडीच्या वेशीत थुंकायची सोय नाही. हा शेंदूर फासलेला ओबडधोबड दगड दिसतो ना, डोळे नाहीत, नाक नाही, नुसता जबडाच असल्यासारखा, ही लाळाई. हसा, हसा. खोकल्याची खोकलाई चालते, मग लाळेची लाळाई का नको? शहाणीसुरती माणसं हिच्यापुढं हसतात आणि लागलीच ओठ पुसून घेतात.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. गावचा पाटील होता हैबतराव. माणूस भलता सोवळा. त्याच्या तांब्याला कुणाचा हात लागला तर राखेनं घासून घ्यायचा. आणि त्याचा सख्खा पुतण्या सटवाजी, तो म्हशी चोरायचा. चोरलेली म्हैस व्याली की खरवस घरोघर जायचा, आणि हैबतराव वाटी चाटूनपुसून म्हणायचा, "वेलदोडा कमी पडला रे." तेव्हा कुणाला किळस आली नाही, म्हणे. किळस आली ती सटवाजी पकडला गेला आणि तुरुंग भोगून परत आला तेव्हा.

तुरुंगात त्याला सतरंज्या विणायला शिकवलं होतं. आपल्या हातची एक सतरंजी खांद्यावर टाकून तो याच वेशीत आला. काकाच्या पायाशी ती अंथरली आणि म्हणाला, "काका, आता हेच करीन. म्हशीच्या शेपटीला हात लावणार नाही. फक्त काम द्या."

हैबतरावानं खाली पाहिलं. त्याला सतरंजीवर तुरुंगातल्या उवा चालताना दिसल्या. नव्हत्या, तरी दिसल्या. तो पचकन थुंकला.

झालं! पाटीलच थुंकला म्हटल्यावर गावाला मोकळं रान. सटवाजी ओढ्यावर निघाला, थू. लाकडं आणायला निघाला, थू. म्हातारे तंबाखूची लांब पिंक टाकत, बायका पदराआडून नाजूक थुंकत, भटजी तर मंत्र म्हणता म्हणता मध्येच उरकून घेत. रस्ता असा बुळबुळीत झाला की बैलांचे खूर घसरायला लागले. माश्या घोंगावायच्या. आणि एवढी घाण करून गाव नाक दाबून म्हणायचं, "सटवाजीमुळं किती घाण झाली बघा!"

काम कुणी देईना. वेशीबाहेर बाभळीखाली पाल ठोकून तो मागून आणलेल्या पिठाची भाकरी थापायचा. अशात त्याचा जुना जोडीदार चंदर भेटायला आला.

"सटवा, पलीकडच्या गावात एक दुभती म्हैस हेरलीय. बाजारच्या दिवशी दिवस मावळताना खिंडीत ये."

"नको रे. पुन्हा त्या कोठडीत नको."

"मग काय इथं भिजत बसणार? तुझं गाव तुला थुंकी देतं. आम्ही निदान तंबाखू तरी देतो."

सटवाजीनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाला, "बघतो." भुकेल्या माणसाचं 'बघतो' म्हणजे निम्मा होकारच.

आता नवल ऐका. माणसाला लाळ मापून मिळालेली असते, म्हणे, आणि घोसरवाडीनं आपली सगळी उधळून टाकली. बाजारच्या दिवशी सकाळी हैबतराव उठला तो जीभ टाळूला चिकटलेली, वाळक्या गोवरीसारखी. भाकरीचा तुकडा तोंडात फिरला, फिरला आणि कोरडाच बाहेर पडला. पाणी घशाखाली जाई, तोंड मात्र वाळूचं वाळूच. साऱ्या गावाची हीच गत. भटजीला मंत्र फुटेना. सासवांना सुनांवर तोंड टाकता येईना. सुना खूश होत्या, पण जेवता त्यांनाही येईना. चिंच चोखून झाली, लिंबू चोखून झालं. वैद्य तर स्वतःच जीभ बाहेर काढून बसला होता.

दिवस कलताना हैबतराव धडपडत वेशीत आला. समोर सटवाजी पाल गुंडाळून निघायच्या तयारीत, गुडघ्यावर शेवटची भाकरी. कांद्याचं पाणी हनुवटीवर ओघळलेलं, मिशीत भुगा, आणि मचमच असा आवाज. हैबतरावाला मळमळून आलं. मळमळलं की तोंडात पाणी येतं, तसं त्याच्याही आलं. गोड, ओलं, तोंडभर! सोन्यासारखी लाळ. आणि त्या शहाण्यानं काय करावं? सवयीनं थुंकून टाकली.

लगेच जीभ चिरली. हैबतराव या दगडावर कपाळ टेकून रडायला लागला, तर डोळ्यांतही पाणी नाही. तेव्हा दगडातून आवाज आला, म्हणे, वैतागलेली आई पोराला म्हणते तसा: "गिळ."

हैबतरावानं हात पसरला. बोलता येईना, बोटानंच भाकरी दाखवली.

"उष्टी आहे, काका," सटवाजी म्हणाला.

हात तसाच. सटवाजीनं दातांचे व्रण असलेला तुकडा त्यावर ठेवला. हैबतरावानं डोळे मिटले, नाक मुरडलं, अंगावर काटा आला, तरी घास तोंडात घातला. लाळ सुटली. घास उतरला. आणि पाटील पहिलं वाक्य बोलला, "मीठ नाही रे हिच्यात."

"मागून आणलेल्या पिठाला मीठ कुठलं? काम द्या, मीठ घालतो."

"दिलं. चावडीभर सतरंज्या विण."

तोवर गाव भाकऱ्या घेऊन धावत आलं. प्रत्येकीची भाकरी सटवाजीनं चावायची, मगच त्या घरानं खायची. कुणाची करपलेली, कुणाची कच्ची, एकीच्या भाकरीत तर केस. "अगं काकू, मलाही किळस येते!" तो ओरडला, पण सोडतो कोण? खिंडीत चंदरची शीळ वाजली. सटवाजी उठायला गेला आणि पोट धरून खाली बसला. त्या पोटानं म्हैस काय, कोंबडीही पळवता आली नसती. शीळ थोडा वेळ वाजली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी ढेकरा देत सटवाजीनं चावडीत माग उभा केला.

आजही गावात कुणी शिक्षा भोगून परतलं की लाळाईपुढं त्याला भाकरी देतात. तो चावा घेतो, उरलेली सरपंचाच्या हातात. कुणीतरी त्याला काम देईपर्यंत सरपंचानं उष्टं खात राहायचं, हा रिवाज. मागल्या खेपेला सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, आणि सरपंच घासामागून घास ढकलत हिरवे-पिवळे झाले. शेवटी गिरणीवाला कळवळून ओरडला, "ये बाबा माझ्या गिरणीत, पण त्यांना सोड!" पोरगा अजून तिथंच आहे.

तोंड वाकडं करायला देवीची ना नाही. किळस ज्याची त्याची. गिळायचं मात्र असतं.