प्लॉटवरचा तंबू

एकदा एक हवालदार सुटीवर नव्हे, कायमचाच गावी आला. बावीस वर्षांच्या फौजेतल्या नोकरीत जोतिरामने पाच राज्यांतली सरकारी क्वार्टर्स पाहिली होती. स्वतःचे दार मात्र कुठेच नव्हते. म्हणून निवृत्तीचा सगळा फंड शहराबाहेरच्या एका प्लॉटमध्ये घालायचा, निम्म्या जागेवर घर बांधायचे आणि उरलेली भाव वाढल्यावर विकायची, असे त्याने पक्के केले. दलालाच्या थंडगार कचेरीतला रंगीत नकाशा पाहूनच स्वारी भुलली होती. खरेदीखत उद्यावर आले होते.

आशीर्वाद घ्यावा म्हणून तो आपल्या उस्तादांकडे गेला. भरती झाल्यावर याच वृद्ध सुभेदारांनी त्याला रायफल धरण्यापासून तंबू ठोकण्यापर्यंत सारे शिकवले होते. उस्तादांनी पेढा खाल्ला, नकाशाची सारी हकिगत ऐकून घेतली. माळ्यावरून जुना तंबू काढला आणि म्हणाले, "चल, आजचा मुक्काम तुझ्या जागेवर."

घर बांधायला निघालेल्या माणसाला तंबूत कशाला निजवायचे, हे जोतिरामला कळेना. पण उस्तादांना उलट विचारायची सवयच नव्हती.

प्लॉटवर पोचताच त्याने पहिली खुंटी ठोकली. दोन घावांत ती पार आत गेली आणि दोर ताणताच उपटून हातात आली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. त्याने खाली बसून मूठभर माती उचलली. तीत विटांचे तुकडे आणि प्लॅस्टिक होते. मग त्याने मान वर केली. वरच्या अंगाने करंजांची रांग प्लॉटच्या कडेपर्यंत येत होती, मध्येच तुटत होती आणि खालच्या अंगाला पुन्हा सुरू होत होती. त्याचा चेहरा उतरला.

"उस्ताद, हा तर ओढा आहे. भर टाकून बुजवलेला. ही करंजाची झाडं त्याच्या काठची."

"मला ठाऊक नव्हतं," उस्ताद म्हणाले. "पण तुला कळेल, एवढं ठाऊक होतं. सरहद्दीवर दहा जणांच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी तू जमीन हातानं चाचपायचास. इथं तुझ्या बायकोचा, लेकरांचा जन्मभराचा मुक्काम आहे आणि तू कागद बघून तयार झालास. गणवेश उतरवलास ते ठीक, त्याच्याबरोबर अक्कलही पेटीत कशाला ठेवलीस? जागा जरूर घे. पण हवालदारासारखी घे."

जोतिरामला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसे वाटले. बावीस वर्षांत आपण पैशाखेरीज आणखीही काही कमावले आहे, हे त्याला त्या दिवशी उमगले.

दुसऱ्या दिवशी दलालाला नकार कळवून तो बायकोला घेऊन बाहेर पडला. "आता कुठं?" शालनने विचारले.

"आज नुसतं चालायचं. दोन-चार जागा पायाखाली घालू, मग ठरवू."

कमाई हाती येते तेव्हा ती ज्या कामाने आली, ते काम विसरू नये.