साळिंदराचे नवे दार

मुलांनो, डोंगराच्या उताराला जिथे झाडे विरळ होत जातात, तिथे एका मोठ्या खडकाखाली बीळ करून एक साळिंदर एकटेच राहत असे. शेजारी कोणी नव्हते. रात्री ते कंदमुळे उकरी आणि उजाडता उजाडता बिळात परत येई. स्वभावाने ते फार लाजाळू होते. वाटेत कोणी भेटले की त्याचे काटे आपोआप उभे राहत, आणि समोरच्याला वाटे, हे रागावले. ते रागावलेले नसे. काय बोलावे हे त्याला सुचत नसे, एवढेच.

तरीही जंगलातली सगळी खबर साळिंदराला असे. ती त्याला उंबराच्या फेऱ्यामुळे मिळे.

जंगलाच्या मधोमध एक जुना उंबर होता. त्याच्यावर राघूंचा मोठा थवा राहत असे. ज्याला सर्वांना काही सांगायचे असेल, त्याने उंबरासमोर उभे राहून बोलायचे. राघू ते पाठ करत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फेऱ्यातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन जसेच्या तसे म्हणून दाखवत. शब्दही तेच आणि आवाजही तोच. खार बोलली असेल तर राघू घाईघाईने बोले. कोल्हा बोलला असेल तर राघू मध्येच खाकरे.

या फेऱ्याची व्यवस्था एक म्हातारे कासव पाहत असे. ते उंबराच्या मुळांत बसलेले असे. फेऱ्यात यायचे असेल तर आपली एक खूण कासवाकडे द्यायची आणि एका राघूला आपले दार दाखवायचे. मोराने पीस दिले होते, सशाने लव दिली होती, रानडुकराने पाठीवरचा एक राठ केस दिला होता. कासवाने त्या सगळ्या खुणा मुळांच्या खोबणीत ओळीने लावून ठेवल्या होत्या. फेरा नको झाला, तर आपली खूण उचलून न्यायची. कारण कोणी विचारत नसे. आणि कोणाला फक्त कासवाशीच काही बोलायचे असेल, तर त्याने उंबराच्या मागे सपाट दगडापाशी जायचे. तिकडे राघू बसत नसत. हे सारे नव्याने येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितले जाई. पण एकदाच सांगितले जाई, आणि पहिल्या दिवशी कोणाचे लक्ष असते?

साळिंदराने तीन वर्षांपूर्वी आपला एक काटा दिला होता. तेव्हापासून ते फेऱ्यात होते, पण उंबरासमोर उभे राहून ते एकदाही बोलले नव्हते. सकाळी ते बिळात अंग टाकी, तेवढ्यात राघू दाराशी येऊन सगळ्यांचे बोलणे म्हणून दाखवी. कोणत्या पाणवठ्यावर बिबट्या आला होता, मोहाची फुले कुठे पडू लागली, मुंगसाचे आणि कोल्ह्याचे कशावरून वाजले, हे ऐकता ऐकता साळिंदराला झोप लागे. खारीचे धाकटे पिल्लू फांदीवरून पडले, तेही त्याला असेच कळले. कधी कधी राघू उडून गेल्यावर साळिंदर बिळातल्या बिळात उत्तर देई. "त्याला उबेत ठेवा, म्हणजे बरं वाटेल," असे ते हळूच म्हणे. ते ऐकायला कोणी नसे.

एके दिवशी डोंगराची माती सुटली आणि तो मोठा खडक खाली सरकला. बिळाचे तोंड साफ बुजले. साळिंदर नेमके बाहेर होते म्हणून वाचले. ते ओढा ओलांडून पलीकडे गेले आणि बांबूच्या बेटात त्याने नवे बीळ खणले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते राघूची वाट पाहत बसले. राघूला पंख आहेत, त्याला वरून सगळे दिसते, असे साळिंदराला वाटत होते. आपण दार बदलले हे आपणच सांगायला हवे, हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

राघू बिचारा रोजच्यासारखा खडकापाशी गेला. दाराशी काही हालचाल नव्हती. तरी त्याने सगळे बोलणे खडकाला म्हणून दाखवले आणि तो परतला. असे तीन दिवस झाले. तीन दिवस दार रिकामे दिसले की कासवाला सांगायचे, असा नियम होता.

"आजोबा, साळिंदराच्या दारी कुणी नाही," राघू म्हणाला.

"बोलायचा का तो कधी?" कासवाने विचारले.

"नाही."

"गेला असेल कुठंतरी," असे म्हणून कासवाने ओळीतला काटा उचलला आणि बाजूला ठेवून दिला.

इकडे बांबूच्या बेटात पहिल्या दिवशी साळिंदराला वाटले, राघूला उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी वाटले, तो आजारी असेल. चौथ्या दिवशी मात्र त्याची खात्री झाली, की आपल्याला फेऱ्यातून काढले. "तीन वर्षांत मी एक शब्द बोललो नाही," ते स्वतःशी म्हणाले. "नुसतं ऐकणाऱ्याला कोण ठेवून घेईल?"

त्याला झोप येईनाशी झाली. दिवसभर बांबू एकमेकांवर घासून कुरकुरत आणि साळिंदर डोळे उघडे ठेवून पडून राही. मग ते मनानेच खबरी रचू लागले. "आज कोल्हा म्हणाला असेल की मुंगसाने त्याचा उंदीर पळवला. मुंगूस म्हणालं असेल, उंदरावर तुझं नाव होतं का?" असे दोघांचेही ते आपणच बोले. पण आपणच रचलेल्या बोलण्याने झोप लागत नाही, मुलांनो.

कासवाला जाऊन विचारावे, असे त्याच्या मनात आले. पण विचारायचे म्हणजे बोलायचे. काय बोलायचे याची तयारी करण्यात पंधरा दिवस गेले. शेवटी एका संध्याकाळी ते निघाले. पहाटे उंबरापाशी पोहोचले तेव्हा ते बोलायचे शब्द घोकण्यात इतके गुंतले होते, की मागच्या सपाट दगडाची आठवणच राहिली नाही. समोर मुळांत कासव दिसले. मान आत घेऊन ते डुलकी घेत होते. साळिंदर सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि कवचाकडे पाहत एका दमात बोलू लागले.

"कासवआजोबा, मी साळिंदर. मला फेऱ्यातून का काढलंत? मी बोलत नाही म्हणून का? मला बोलता येत नाही हो. पण मी ऐकतो. खारीचं धाकटं पडलं तेव्हा दोन दिवस मला खाणं गेलं नाही. काढायचं असेल तर काढा, पण एकदा सांगा तरी. दिवस जात नाही माझा."

"दिवस जात नाही माझा," वरून कोणीतरी त्याच्याच आवाजात म्हणाले.

साळिंदराने वर पाहिले. फांदीफांदीवर राघू बसले होते आणि सगळे मन लावून पाठ करत होते. साळिंदराचे सारे काटे उभे राहिले. कासवाची मान कवचातून बाहेर येईपर्यंत ते झुडपांतून पार पळून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोलणे जंगलातल्या प्रत्येक दारी ऐकू आले. मग काय विचारता! कोल्हा तावातावाने उंबरासमोर आला.

"सकाळी सकाळी हे कुणाचं रडगाणं? झोपेचं खोबरं झालं. माझी खूण परत द्या बुवा!"

हे अर्थातच सगळीकडे गेले. ते ऐकून ससा आला. "माझीही द्या," तो म्हणाला. रानडुकराने नुसतेच "माझीही" म्हटले. तेही सगळीकडे गेले. मग मुंगूस चिडून आले. "अरे शहाण्यांनो, खूण हवी तर उचला आणि चालू लागा! नाहीतर मागच्या दगडाशी जाऊन आजोबांना सांगा. इथं कशाला बोंबलता?"

"मग तू कुठं उभा राहून बोंबलतोयस?" कोल्ह्याने विचारले.

तीन दिवस हेच चालले. राघूंचे घसे बसले. खूण मात्र कोणीच उचलली नाही. शेवटी खार तरातरा खाली उतरली आणि उंबरासमोर उभी राहिली.

"गप्प बसा आता सगळे! माझं पोर पडलं तेव्हा कोण आलं होतं विचारायला? कोल्हेभाऊ, तुम्ही तर म्हणालात, पोरं सांभाळता येत नाहीत तर फांदीवर घर कशाला करता. आणि ज्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही, ते दोन दिवस उपाशी राहिले. साळिंदरभाऊ, पोर आता बरं आहे, नुसतं उड्या मारतंय. आमच्या झाडाजवळ आवळ्यांचा सडा पडलाय. चार दिवसांत या, नाहीतर हरणं संपवतील."

खारीचे ऐकून इतरांचेही सूर बदलले. मोराने बोलावले. सशाने चुकलो म्हणून सांगितले. कोल्हासुद्धा खाकरून म्हणाला, "बरं बरं, ये म्हणावं." राघूंनी हे सगळे दारोदार पोहोचवले. फक्त एका दारी ते पोहोचले नाही. साळिंदराचा काटा ओळीत नव्हता आणि त्याचे दार कोणाला ठाऊक नव्हते, आणि भांडणाच्या गडबडीत हे कासवाच्याही ध्यानात आले नाही.

साळिंदर बांबूच्या बेटात दिवस मोजत होते. आपले बोलणे सगळ्यांनी ऐकले आहे, हे त्याला माहीत होते. रोज सकाळी ते दाराशी येऊन आकाशाकडे पाही. अकरा दिवस गेले. "एवढं ऐकूनही कुणी एक शब्द बोललं नाही," ते म्हणाले. "म्हणजे उत्तर मिळालंच." आणि त्याने डोंगरापलीकडच्या जंगलात निघून जायचे ठरवले. तिथे कोणी ओळखीचे नव्हते. निदान तिथे कोणाची वाट पाहावी लागली नसती.

त्याआधीच, आवळ्यांचे चार दिवस उलटून गेल्यावर खार उंबरापाशी आली होती. "आजोबा, साळिंदरभाऊ आले नाहीत. रागावले का हो?"

कासवाने राघूंना विचारले, "त्याच्याकडे कोण गेलं होतं?"

राघू एकमेकांकडे पाहू लागले. कोणीच गेले नव्हते. मग कासव मुळांतून खाली उतरले.

"मी जाऊ का?" खारीने विचारले. "मी चटकन जाईन."

"नको बाई. काटा मी काढला होता. मलाच गेलं पाहिजे."

कासव चालत चालत जुन्या खडकापाशी गेले. तिथे त्याने सरकलेली माती पाहिली. दार रिकामे नव्हते, बुजले होते. एवढे पाहायला आपण त्या वेळी आलो नाही, हे कासवाला फार लागले. तिथे एक मुंगी अंडे घेऊन चालली होती. कासवाने तिला विचारले.

"तो काटेवाला ना? ओढ्यापल्याड बांबूत असतो," मुंगी न थांबता म्हणाली. "बोलत नाही काही. पण पाऊल जपून टाकतो."

कासव बांबूच्या बेटात पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. साळिंदर निघण्याच्या तयारीत बिळाच्या तोंडाशी उभे होते. कासवाला पाहताच त्याचे काटे ताठ झाले.

"राहू दे उभे," कासव म्हणाले. "माझ्या पाठीला काट्यांचं काय! कुठं निघालास?"

"डोंगरापलीकडं."

"तिथं कुणी आहे का तुझं?"

"नाही."

"मग इथं काय वाईट होतं?"

"इथं सगळी होती," साळिंदर म्हणाले. "म्हणून तर."

कासव खाली बसले. "हे बघ पोरा, तुला कुणी काढलं नव्हतं. तू दार बदललंस आणि सांगितलं नाहीस. दार रिकामं आहे असं कळलं, तेव्हा मी काटा बाजूला ठेवला आणि बघायला आलो नाही. तीन दिवसांचा नियम माझाच. पण चौथ्या दिवशी जाऊन बघावं, हे मला सुचलं नाही."

साळिंदराने विचारले, "कुणी काही बोललं होतं का?"

"एकवीस जण बोलले. त्यातले सात-आठ नुसतेच भांडत होते. खारीनं आवळे खायला बोलावलं होतं. पण ते आता संपले. मला यायला वेळ लागला."

"आणि पिल्लू?"

"उड्या मारतंय."

साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले. कासवाने तोंड वळवले आणि ते परतीच्या वाटेला लागले. "चल. तुझं दार तूच राघूला दाखवायचं. ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही."

दोघे निघाले. कासवाच्या पावलाने उंबर तीन दिवसांच्या वाटेवर होता. साळिंदराला एका रात्रीत तिथे पोहोचता आले असते, पण ते कासवाच्या बाजूनेच चालले. पहिल्या दिवशी ते काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी थोडेसे बोलले. तिसऱ्या दिवशी दुपारी झाडांच्या वर उंबराचा शेंडा दिसू लागला, तेव्हा साळिंदर म्हणाले, "आजोबा, जरा हळू चाला."

तात्पर्य : आपले दार बदलले तर ते आपणच सांगावे, आणि कोणाचे दार गप्प झाले, तर त्याची खूण उचलण्याआधी एकदा जाऊन पाहावे.