बाबुली मेस्त्रीचं तीनदा सांगणं

ज्या काळी घासायचा कागद कोकणात उतरला नव्हता आणि लाकूड गुळगुळीत करायचं तर रानातून खरवतीची पानं तोडून आणावी लागत, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षं झाली. आंबेखोलच्या वरच्या वाडीत तेव्हा घरोघर लाकडाला चकाकी आणायचं काम चाले. पेट्या, पाळणे, देव्हारे, झोपाळ्याच्या फळ्या, सगळं लांबून लांबून तिथे येई आणि आरशासारखं होऊन परत जाई.

या कामाला पायऱ्या होत्या. आधी पान. खरवतीचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. तीन वर्षं पानावर बसायचं आणि लाकूड घासायचं. मग भरणी, म्हणजे लाकडाची बारीक बारीक छिद्रं विटेची भुकटी आणि तेल घालून बुजवायची. ती दोन वर्षं. मग लाखेचे पहिले हात, तेही दोन वर्षं. लाख कडक दारूत विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने फिरवायची. (थोडी दारू लाखेत जायची, थोडी मेस्त्रीच्या पोटात, पण ते सोडा.) आणि केस पिकायला लागले की मग कुठे शेवटचा हात. तो ज्याचा, त्याचं नाव.

बायकांना मात्र एकच पायरी होती. जन्मभर पान.

त्या पानावर आवडाकाकी बसायची. हाडकुळी बाई, लहानपणीच विधवा झालेली, पण तिचा तळवा असा की डोळे मिटून लाकडावर फिरवला तर केसाएवढा उंचवटा तिला कळे. लाकूड ओलं की सुकं, झाड उतारावरचं की सपाटीवरचं, तेसुद्धा ती सांगायची, असं म्हणतात. म्हणून गावाने तिला एक मान दिला होता. मार्गशीर्षात जत्रेला देवाची पालखी निघायची, तेव्हा खांदेकऱ्यांनी उचलण्याआधी पालखीच्या शिसवी दांड्यावर पहिला तळवा आवडाकाकीचा टेकायचा. तिच्याकडे मिरवायला तेवढंच होतं.

आणि बाबुली होता. मोठ्या मेस्त्रींचा मुलगा, देखणा, हाताने चपळ. धन्याचाच मुलगा, मग त्याला पानावर कोण बसवणार? सात वर्षांच्या पायऱ्या त्याने दोन वर्षांत उड्या मारत ओलांडल्या. विशी सरली नव्हती तेव्हा वडील आजारी पडले आणि जत्रेच्या पालखीचा शेवटचा हात त्याच्याकडे आला. एवढ्या लहान वयात तो हात कुणालाच मिळाला नव्हता. बाबुलीने गावभर सांगून ठेवलं, "दांड्यात बघून बायका कुंकू लावतील!"

जत्रेच्या दिवशी पहाटे तो बोळा घेऊन निघाला. देवळाच्या पडवीत आवडाकाकी दांड्यावर हात फिरवत बसली होती. बाहेर माडांवरून दंव टपटपत होतं.

"झिला," काकी म्हणाली, "आज दंव पडलाहा. लाकूड सुकां आसा, पण हवेत पाणी आसा. ऊन वर येवंदे, मग हात लाव."

"काकी, तू पान सांभाळ," बाबुली हसून म्हणाला. "हात माझो मी सांभाळतंय."

आणि त्याने हात दिला. ओल्या हवेत लाख बसवली की काय होतं ते जाणत्याला ठाऊक असतं. सूर्य कासराभर वर आला आणि त्या काळ्याभोर दांड्यावर पांढरं सावट उतरलं. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तसं. सगळी जत्रा बघत राहिली. सनई मध्येच थांबली.

पहिले मानकरी तातोबा गावकर पुढे आले. "शेवटचो हात कोणाचो?"

पंचक्रोशी बाबुलीकडे बघत होती, सोयरीक बघायला आलेली माणसंसुद्धा. मग तो म्हणाला, "हात माझो. पण लाकूड ओलां होतां."

एवढंच. आवडाकाकीचं नाव त्याने घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. लाकूड सुकं आहे म्हणून सांगायचं काम कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. काकीने एकदा बाबुलीकडे पाहिलं, पानांचं गाठोडं काखेत मारलं आणि ती घरी गेली. त्या दिवशी दांड्यावर तळवा टेकला तो दुसऱ्याच कुणाचा.

काकीचं काम सुटलं. ती गोठ्यात घालायला पालापाचोळा गोळा करू लागली. पोरं तिला 'ओल्या हाताची आवडी' म्हणू लागली आणि ती कुणालाच उत्तर देईना. म्हातारीला ऐकू कमी येतं, असं गावाने धरून टाकलं.

पुढल्या वर्षी दांडा खरवडून काढला, दुसऱ्या बाईने घासला आणि बाबुलीने भर दुपारी कडक उन्हात हात दिला. तरी संध्याकाळी दांडा पांढरा. तिसऱ्या वर्षी तेच. लोक म्हणाले, आवडीची ओल गाभ्यापर्यंत गेली. बाबुली ऐकत होता. तेव्हा तरी बोलायचं! पण एक वर्ष गप्प राहिलेल्या माणसाला दुसऱ्या वर्षी बोलणं जास्त जड जातं.

आणि गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, त्याचं बाकीचं काम असं उजळलं की विचारू नका. बंदरावरून गलबतं भरून पेट्या त्याच्याकडे येऊ लागल्या. त्याने चकाकवलेल्या कपाटात चिमण्या आपलं रूप बघून चोच मारत. फक्त बाबुलीला त्यात स्वतःचं तोंड दिसेना. वाकून बघितलं की तोंडाच्या जागी नुसतं पांढरं, असं म्हणतात. काकीचं घर वाटेवर होतं म्हणून तो शेतातून लांबचा वळसा घालून जायचा. सोवळ्याचा आव आणून दारू सोडली, देवळाला घंटा वाहिली. तोंड काही दिसलं नाही.

सात वर्षांनी, दसरा झाल्यावर, तो वळसा न घालता सरळ गेला. काकी अंगणात पाला पसरत होती. बाबुली तिच्यासमोर उभा राहिला. सांगायला आला होता एक आणि तोंडातून निघालं भलतंच. "काकी, माका पान शिकव."

काकीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एक पान त्याच्या हातात दिलं.

मग रोज तो तिच्या अंगणात घासायला बसू लागला. एवढा मोठा मेस्त्री, पण पान धरता येत नव्हतं. "आडवां नको. रेषेबरोबर घास." एवढं सांगून काकी आपल्या पाल्याकडे वळे. आजूबाजूच्या बायका कुंपणावरून माना काढून बघत. "काय मेस्त्री, बायलांत बसलास? आता फुगडी पण घाल!" बाबुलीचे कान लाल होत. बोटांची सालं निघाली. संध्याकाळी काकी डोळे मिटून लाकडावर तळवा फिरवी आणि म्हणे, "अजून खरखर आसा." रोज तो ठरवून येई, आज बोलायचंच. रोज तसाच परत जाई.

जत्रेचा दिवस आला. दांडा पालखीला लावलेला, पांढरा तो पांढराच. तातोबा गावकर आता काठी टेकत पुढे आले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "शेवटचो हात कोणाचो?"

आवडाकाकी गर्दीच्या पार मागे, चाफ्याखाली बसली होती. बाबुली पालखीपाशी गेलाच नाही. तो गर्दी कापत चाफ्याकडे गेला आणि तिच्या पायाशी बसला. खालमानेने पुटपुटला, "लाकूड सुकां होतां. काकीन माका सांगितल्यान होतां."

काकीने कानामागे हात धरला. "काय म्हणतस? माका ऐकाक येणा नाय."

बाबुलीने मान वर केली आणि चारचौघांत ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. जवळची माणसं वळली.

"मोठ्यान बोल रे, झिला."

तेव्हा बाबुली उठून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात उचलेना. छाती फाटेल अशा आवाजात तो ओरडला, "लाकूड सुकां होतां! काकीन सांगितल्यान, मी ऐकलंय नाय! सात वर्सां मी खोटां बोललंय!"

तो आवाज समोरच्या डोंगरावर गेला आणि परत आला. सबंध जत्रेने तो दोनदा ऐकला. आणि शिसवी दांड्यावरचं पांढरं सावट उन्हात दंव विरावं तसं विरत गेलं, असं म्हणतात. 'ओल्या हाताची' तिला सगळ्यांनीच म्हटलेलं. तातोबा काठी टाकून स्वतः चाफ्याखाली गेले आणि त्यांनी काकीला हाताला धरून आणलं. तिने दांड्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पालखी उठली.

बाबुलीने पुन्हा शेवटचा हात कधी दिला नाही. पंचेचाळीस वर्षं तो पानावर बसला आणि पानावरच गेला.

आता वरच्या वाडीत यंत्रं आलीत, फवाऱ्याने पॉलिश मारतात. पण जत्रेच्या सकाळी अजून चाफ्याखाली 'बाबुलीचं सांगणं' होतं. वर्षभरात आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली असेल, तर मेस्त्रीने ती येऊन सांगायची. परवाच्या जत्रेत एकाने सांगितलं, शाळेच्या टेबलाला फोड आले ते त्याने घाईत दुसरा हात दिला म्हणून, आणि आळ घातला होता सुताराच्या लाकडावर. गोरामोरा झाला होता बिचारा. बायकोसुद्धा पदराआडून बघत होती.

समोर वाडीतली सगळ्यात म्हातारी घासणारी बाई बसते. तिने कानामागे हात धरायचा आणि म्हणायचं, "मोठ्यान बोल रे, झिला." तीनदा सांगून होईपर्यंत पालखी हलत नाही.

आवडाकाकीला मात्र पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, असं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी तीन घरांपलीकडे अंड्यावरून उठलेली कोंबडी तिने घरात बसून नुसत्या आवाजावरून ओळखली होती.