राणीच्या अरण्यातले सिंहासन

एकदा एका संगीत नाटक मंडळीत एक वृद्ध ऑर्गनवादक होते. सारे त्यांना बुवा म्हणत. वयोमानाने त्यांची बोटे थरथरू लागली होती, म्हणून आपल्या जागी आपल्या शिष्याला बसवावे असे त्यांच्या मनात होते. शिष्याचे नाव नरहर. हात तयार, कान तीक्ष्ण, आणि स्वतःविषयीचे मत त्या दोहोंहून वरच्या पट्टीतले.

गाण्यांना साथ करताना नरहरचा जीव गुदमरे. गाणाऱ्याच्या मागे मागे जायचे, यात कसले आले वादन? त्याची खरी भूक होती ती मधल्या वादनाची. एक प्रवेश संपून पडदा पडतो, मागे देखावा बदलतो, आणि तेवढा वेळ ऑर्गन एकटाच बोलतो. ते तरी मला द्या, असा त्याने हट्टच धरला.

"काय वाजवशील?" बुवांनी विचारले.

"अडाणा राग. द्रुत लयीत. पट्टी काळी पाच, म्हणजे सूर कसा झळाळून उठेल!"

"आणि आधीच्या प्रवेशात काय आहे? पुढच्यात काय आहे?"

"ते नटांचं काम, बुवा. मधला वेळ आपला."

बुवा "वाजव," एवढेच म्हणाले.

आधीचा प्रवेश राजवाड्यातला, विदूषकाच्या लाडू खाण्याचा. पुढचा घोर अरण्यातला, राजाने टाकलेल्या राणीचा. पडदा पडला आणि नरहरचा अडाणा उधळलेल्या घोड्यासारखा सुटला. पडद्यामागे देखावा बदलणाऱ्या गड्यांच्या पायांत ती लय शिरली. खांब न्यायचा तो झाड घेऊन धावला, झाड आणणारा त्याच्यावर आदळला, विदूषकाचे उरलेले लाडू साऱ्यांच्या पायांत गडगडू लागले. नरहरची शेवटची तिहाई, एकच तुकडा तीनदा, तर अशी ठणठणीत वाजली की पडदा ओढणाऱ्याला वाटले, सगळे झाले. त्याने पडदा उचलला.

अरण्य सिद्ध होते. फक्त त्याच्या मधोमध राजाचे मखमली सिंहासन तसेच राहिले होते. राणीचे काम करणाऱ्या वत्सलाबाई डोळे मिटून आल्या आणि आर्त स्वरात म्हणाल्या, "हाय रे दैवा! या निबिड अरण्यात मला टेकायला साधी शिळासुद्धा नसावी ना?"

प्रेक्षकांतून कुणीतरी कळवळून ओरडले, "बाई, मागं बघा की! गादीसकट हाय!"

सारे नाट्यगृह हास्यात बुडाले. बाईंनी धीराने पद सुरू केले. पण कानात नरहरची काळी पाच घुमत होती, त्यामुळे पद तिथूनच लागले, आणि त्यांचा आवाज तर काळी चारचा. तार षड्जावर तो फाटला. विंगेत येताच त्या मंडळीच्या मालकांना म्हणाल्या, "उद्या ऑर्गनवर हा बसणार असेल, तर राणी दुसरी शोधा."

मालक म्हणाले, "राणी मिळणं कठीण. वाजवणारे पुष्कळ."

नरहरच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बुवा पुढे आले. "उद्या मी वाजवतो," ते म्हणाले, "आणि हा सिंहासन उचलेल."

"मी?" नरहर चकित झाला. "बुवा, शिक्षाच करायची तर ऑर्गन पुसायला सांगा. हमाली कशाला?"

"शिक्षा नव्हे, तालीम. एका अंगाने तू धर, दुसऱ्या अंगाने गणपा गडी धरेल. आणि घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी पडदा पडला, तेव्हा लोक अजून विदूषकाला हसत होते. बुवांनी नवे काही काढलेच नाही. विदूषकाच्याच खमाजातल्या पदाची चाल, त्याच लयीत वाजवू लागले. 'हे तर उष्टेच वाढले,' असे मनाशी म्हणत नरहरने सिंहासन उचलले. गणपाच्या पावलाशी त्याचे पाऊल जुळले. मग ती पावले हळूहळू संथ होत गेली. का, ते त्याला कळले नाही. बुवा विदूषकाच्या पंचमावर थबकले होते, आणि तोच पंचम कधीतरी राणीचा षड्ज होऊन बसला होता. शेजारी करुण कोमल रिषभ चोरपावलांनी आला. सिंहासन विंगेत टेकले तेव्हा आवाजही झाला नाही. बाहेरचे हसू निवाले होते. कुणीतरी पानाचा डबा अलगद मिटला. त्या टिकून राहिलेल्या सुरातूनच वत्सलाबाईंनी पद उचलले, आणि नरहरने अंगरख्याच्या धूळ लागलेल्या बाहीनेच डोळे पुसले.

प्रयोगानंतर तो बुवांपाशी बसला. "बुवा, त्यात एकही तान नव्हती."

"नव्हती."

"मग मला का भरून आलं?"

बुवा म्हणाले, "अरे, हसणारा माणूस एकदम रडत नाही. त्याला हाताला धरून न्यावं लागतं. लय घ्यायची मागच्या प्रवेशाची, कारण लोक अजून तिथंच बसलेले असतात. पट्टी द्यायची पुढच्या प्रवेशाची, कारण बाईंना तिथं उभं राहायचं असतं. आणि भाव असा बदलायचा की कुणाला चाहूल लागू नये. मधला वेळ आपला नसतो रे. तो जाणाऱ्याचा आणि येणाऱ्याचा. आपण वरातीत पोहोचवायला आलेली माणसं. पोहोचवायला आलेल्यानं नवरदेवाच्या घोड्यावर चढू नये."

नरहरला हसू आले आणि लाजही वाटली. पुढे कित्येक दिवस त्याने मुकाट्याने सिंहासन उचलले. मग एके दिवशी वत्सलाबाईच म्हणाल्या, "बसू द्या त्याला ऑर्गनवर."

त्या प्रयोगात राणीच्या प्रवेशाला सारे नाट्यगृह रडले. मालक उपरण्याने नाक पुशीत ऑर्गनपाशी आले आणि गोंधळून म्हणाले, "काय रे नरहर, आज मधलं वादन गाळलंस की काय? मला तर काही ऐकूच आलं नाही."

बुवांनी हसू लपवायला मान फिरवली. नरहरने मात्र मालकांना वाकून नमस्कार केला. इतकी मोठी दाद त्याला आजवर कुणी दिली नव्हती.