उलट्या आट्यांचा नट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गोष्टीतल्या राज्यांत हत्ती असतात, घोडे असतात, पालख्या असतात. या राज्यात एक जुनी मोटार होती. वापरून वापरून कंटाळा आल्यावर राजाने ती डोंगरावरच्या एका गावाला देऊन टाकली होती, आणि राजाची वस्तू म्हणून गावाने तिला डोक्यावर घेतलं होतं. घाट उतरून मीठ आणायचं तर मोटार, आजाऱ्याला वैद्याकडे न्यायचं तर मोटार, आणि खालच्या मुलखात दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी आणायच्या तरी मोटारच.

त्या गावात एक मिस्त्री राहत होता. मोटारीचं पोट त्याच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. त्याचा हात लोखंडाचा, पण मान मात्र काचेचा. जरा कुठे धक्का लागला की तडा जायचा.

तो धक्का लागला देवीच्या उत्सवात. मानकऱ्यांची पहिली पंगत बसली होती, मिस्त्रीही नेहमीच्या जागी पाटावर बसला होता. तेवढ्यात पाटलाकडचे पाहुणे आले. पाटलाने वाढप्याला खूण केली आणि वाढपी मिस्त्रीच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुम्ही घरचेच की. दुसऱ्या पंगतीला बसा."

मिस्त्री उठला आणि न जेवता घरी आला. हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि बायकोला म्हणाला, "आता पाटील स्वतः नारळ घेऊन दारात येईल, तेव्हाच पान्याला हात लावीन."

हे पाटलाच्या कानावर गेलं. पाटील म्हणाला, "रुसू दे. राग उतरला की येईल आपल्या पायानं." झालं, दोघे आपापल्या ओट्यावर बसून राहिले. एवढ्यातेवढ्यावरून रुसायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापैकी कितीजण पंगतीतून उठवल्यावर हसत घरी गेले असते, ते आधी मनाशी ठरवा आणि मग पुढे ऐका.

पुढे मोटार बिघडली. इंजिनाच्या तोंडाशी एक जड चाक असतं, त्याला पुली म्हणतात. इंजिनाच्या पोटातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकचा दांडा, फिरला की ती फिरते, आणि ती निसटू नये म्हणून दांड्याच्या टोकावर एक दांडगा नट आवळलेला असतो. पुलीच्या मागे तेल अडवणारं एक कडं होतं, ते झिजलं. जुन्या मडक्यातून पाणी पाझरावं तसं तेल गळू लागलं. अशा मोटारीने घाट उतरला असता, पण चढला नसता. नवं कडं आणून ठेवलं होतं. ते बसवायचं तर पुली काढायला हवी, आणि पुली काढायची तर नट सुटायला हवा.

आणि तो नट उलट्या आट्यांचा होता. बाकीचे नट डावीकडे फिरवले की सुटतात, हा उजवीकडे फिरवला तर सुटायचा. गावात हे एकट्या मिस्त्रीला ठाऊक होतं, कारण त्याच्याशिवाय तो नट कधी कोणी खोललाच नव्हता.

मिस्त्रीची एकुलती एक लेक घाटाखाली दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, असा त्या मुलखाचा रिवाज. त्यातून मिस्त्रीण गावाची सुईण. तिच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्मली होती. सातव्या महिन्यातच लेकीला आणायचं ठरलं होतं, पण मोटार कधी इकडे गुंतली, कधी तिकडे, आणि आता तर ती जागेवरून हलेना.

"अहो," मिस्त्रीण म्हणाली, "आपल्याच लेकीला आणायचंय. जाऊन दोन शब्द सांगा की त्यांना."

"मला बोलावलंय का कुणी?"

"मग मला सांगा. मी जाऊन सांगते."

"तू गेलीस काय अन् मी गेलो काय, एकच. बस गप. येतात बघ सगळे झक मारत."

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला. समोरच्या वडाखाली मोटार उभी होती. तिच्या चाकांना दगड लावले होते, आणि लोहार मोठा पाना नटावर चढवून डावीकडे ओढत होता. नट ढिम्म हलला नाही. मिस्त्रीने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. खूप दिवसांनी त्याला सुपारी गोड लागली.

लोहाराने नट तापवला. वरून तेल सोडलं, घण घातला. मग पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवला आणि गावातले जवान गडी त्याला लटकले. डावीकडे, सगळे डावीकडेच. जितका जोर लावत होते तितका नट घट्ट होत होता. मिस्त्रीला हसू आवरेना. आता नारळ येणार, त्याने मनाशी म्हटलं. नुसता नारळ नाही, वर शालही येणार.

एवढ्यात नट करकरला.

"सुटला, सुटला," गडी म्हणाले आणि त्यांनी पाइपवर आणखी दोघांना घेतलं.

मिस्त्रीचं हसू गेलं. तो आवाज सुटणाऱ्या नटाचा नव्हता, ते त्याला कळलं. दांडा पिळवटत होता. त्याच्या डोळ्यांपुढे लेक आली, तिचं अवघडलेलं चालणं आलं. अडकित्ता तसाच टाकून तो उठला, वहाणा न घालताच अंगण ओलांडून वडाकडे गेला. त्याच्या तोंडाशी शब्द आले होते: अरे थांबा, उजवीकडे फिरवा. एवढंच सांगायचं होतं.

पाटलाने वळून पाहिलं. "काय मिस्त्री, गंमत बघायला आलात जणू?"

दोनचार माणसं हसली. कुत्सितपणे नाही, उगीच हसली. पण मिस्त्रीच्या तोंडातला शब्द तिथेच वाळला. तो मागे वळला. तो आपल्या अंगणात पोचतो न पोचतो तोच मागे मोठा आवाज झाला आणि पाइपला लटकलेले गडी एकमेकांवर कोसळले. क्रँकच्या दांड्याचं टोक नटासकट तुटून हातात आलं होतं.

मोटार कायमची बसली. आता हजार नारळ फोडून तिचं काही होणार नव्हतं.

मिस्त्रीने मग गाडीवानाला गाठलं. हा गाडीवान कालपर्यंत मोटार हाकायचा, आता बैल हाकायला तयार झाला. दोघे बैलगाडी घेऊन घाट उतरले. लेक वाट बघत होतीच. तिला गवताच्या जाड बिछान्यावर बसवून ते परत निघाले. घाटाची वाट मोटारीलाही वाईट होती, बैलगाडीला तर फारच.

गाडीवान बोलका होता. बिचाऱ्याला तिचं मन रमवायचं होतं. तो म्हणाला, "ताई, तो नट उलट्या आट्यांचा निघाला बघा. तुटका तुकडा हातात आला तेव्हा लोहाराला दिसलं. आम्ही सगळे सोडवायचं म्हणून आवळत बसलो. पण असं असतं हे ठाऊक कुणाला?"

"बाबांना असेल की," लेक सहज म्हणाली. "बाबा, तुम्ही गावात नव्हता का त्या दिवशी?"

मिस्त्रीने बैलांच्या शेपट्यांकडे बघितलं. "नव्हतो," तो म्हणाला. गाडीवानाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बैल हाकले.

"तरीच," लेक म्हणाली आणि तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

घाटाच्या मधल्या वळणावर तिला कळा सुरू झाल्या. वर जायला वाट लांब, खाली जायलाही तेवढीच. गाडीवान मिस्त्रिणीला आणायला चढावर धावत सुटला. मिस्त्री लेकीजवळ राहिला. इंजिनाचं अंतरंग जाणणाऱ्या त्या माणसाला आपल्या लेकीचा हात धरण्यापलीकडे काहीएक येत नव्हतं. मिस्त्रीण धापा टाकत पोचली तेव्हा मूल जन्मून गेलं होतं. मुलगा होता. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. तो सोडवायला दोन जाणते हात तिथे असते, तर तो जगला असता. मिस्त्रिणीने एकदाच पाहिलं आणि हे तिला कळलं.

लेकीला घरी आणलं. काही दिवस ती अंथरुणातच होती. मग एका सकाळी आई तिचं डोकं विंचरत असताना तिने विचारलं, "आई, नट तुटला त्या दिवशी बाबा कुठं गेले होते?"

मिस्त्री दाराआड उभा होता, पण मिस्त्रिणीला दिसत होता. त्याने बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता त्याच्या डोळ्यांनी मागितलं. मिस्त्रिणीचा कंगवा थांबला. नवऱ्यासाठी ती आजवर बरंच काही गिळत आली होती, हे तिला गिळवेना.

"कुठं जातायत," ती म्हणाली. "इथंच ओट्यावर होते. सुपारी खात."

लेक रडली नाही. रडली असती तर बापाला बरं वाटलं असतं. सव्वा महिना झाल्यावर ती सासरी गेली. पुढे तिला मुलं झाली, ती तिने सासरीच जन्माला घातली आणि आजोळ म्हणजे काय ते त्यांना कधी कळू दिलं नाही.

मिस्त्री म्हातारा झाला. कुणाचा रहाट अडला, कुणाचं कुलूप रुसलं, कुणाच्या गाडीचं चाक अडकलं की तो न बोलावता काठी टेकत तिथे जायचा आणि सांगत बसायचा, असं करा, असं फिरवा. लोकांना त्याचा वैताग येई. "म्हाताऱ्याला बोलावलं कुणी," ते म्हणायचे आणि त्याच्याकडे पाठ करून आपलं काम करत राहायचे. तो मात्र बोलतच राहायचा, कारण बोलायची वेळ निघून गेल्यावरच त्याला बोलता येऊ लागलं होतं.

तात्पर्य: माहीत असलेला शब्द मानापायी गिळून बसणाऱ्याचा मानही राहत नाही आणि माणूसही राहत नाही.