हौसाक्काचे प्रश्न

"मग पिल्लू कुठंय?" निरंजनबुवांनी विचारलं.

रायाजीनं वहाणा काढल्या आणि मठाच्या पायरीशी रिकाम्या हातांनी उभा राहिला. चेहरा तापलेला. मठातला म्हातारा कुत्रा गेल्यापासून जेवताना त्याच्यासाठी राखलेला शेवटचा तुकडा बुवांच्या हातातच राहायचा. म्हणून शिष्यानं हट्टच धरला होता... नवं कारवानी जातीचं पिल्लू आणीन तर मीच आणीन, आणि जातिवंत.

"मिळालं नाही?"

"मिळतंय की! नाक्यावरचा दुकानदार म्हणतो, हवं ते उचला, आत्ता न्या. पिल्लांची आई मात्र दाखवत नाही. मागच्या शेडला कुलूप. आतून केकाटणं ऐकू येतं."

"पुढं?" बुवांनी विचारलं.

"मग तुम्ही सांगितलेल्या हौसाक्काकडे गेलो. तिची कुत्री अंगणात मोकळी, पिल्लं तिच्या अंगावर लोळतायत. एक तर माझ्या मांडीवरच झोपलं. पण बाई देईना! अजून दूध तुटलं नाही म्हणे. वर माझीच उलटतपासणी. तुम्ही यात्रेला गेलात की याला कोण बघणार? बांधून घालणार की मोकळं ठेवणार? आजारी पडलं तर?... बुवा, मी एवढी शास्त्रं वाचली, आणि ही मला विचारते!"

"काय उत्तर दिलंस?"

"...उठून आलो."

"आणखी काय म्हणाली?"

रायाजीचा आवाज उतरला. "म्हणाली, पुढं नकोसं झालं तर रस्त्यावर सोडू नका. कितीही म्हातारं होऊ दे, माझ्या दारात आणून घाला."

"घर सोडून इथं निघालास, तेव्हा तुझ्यासाठी असं कुणी म्हणालं होतं?"

रायाजीनं पायरीशी काढलेल्या वहाणांकडे पाहिलं.

"आई म्हणाली होती."

बुवा वाकले. शिष्याच्या वहाणा त्यांनी स्वतःच्या हातानं उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

"अहो बुवा, हे काय..." रायाजी ओशाळून पुढं धावला.

मग त्यानं मुकाट्यानं वहाणा पायात सरकवल्या. आता ठरलं. ती विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, दूध तुटेपर्यंत थांबायचं, नाक्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

दोन पावलं जाऊन तो वळला. "आणि तिनं पुन्हा परत पाठवलं तर?"

"तुला मठासाठी मागायला गेलो होतो," बुवा म्हणाले, "तेव्हा तुझ्या आईनं मलाही परतच पाठवलं होतं."