बोडका बांध

सावली शोधताय होय? मग तिकडे टेकडीच्या अंगाला बसा. सारंगतळ्याच्या या बांधावर झाड मिळायचं नाही. लोक पोहायला येतात, उन्हात करपतात आणि गावाला नावं ठेवतात. ठेवोत बापडे! पण पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं बांधावरचा एक तरी कोंब मुळासकट उपटायचा, ही इथली रीत. ती कुठून आली ते ऐका.

फार मागे इथल्या देशमुखांनी हौसेनं, पोरीबाळींना पोहायला म्हणून, ओढा अडवून हा मातीचा बांध घातला. राखणीला हैबती नावाचा गडी ठेवला. बांधावरून फिरायचं, उगवलेलं रोप उपटायचं, एवढंच त्याचं काम. मूळ आत गेलं की त्याच्या मागोमाग पाणी वाट काढतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हैबतीला मूल नव्हतं. नवससायास केले, तेव्हा उतारवयात मुलगी झाली, तुळसा. तिच्या बारशाच्या दिवशी बांधावर उंबराचा कोंब दिसला. दत्ताचं झाड! हैबतीचा हात पुढे गेला आणि मागे आला. या झाडात आपल्या पोरीचा जीव आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. झाड वाढलं, पोर वाढली. सावली झाली म्हणून सगळे खूश. दर नागपंचमीला हैबतीच फांदीला झोका बांधायचा.

असं सांगतात, की एका पावसाळ्यात उंबराच्या खालीच, बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं. आधी नितळ होतं. नागपंचमीच्या सकाळी ते गढूळ आलं, म्हणजे आतली माती निघाली. हैबतीनं ते पाहिलं. सांगावं तर कुऱ्हाड येणार, झाड जाणार आणि झाडाबरोबर पोर. त्यातून नागपंचमी, आज कापायचं नाही, खणायचं नाही. तेवढंच निमित्त त्याला पुरलं. उद्या सांगू म्हणाला, ओलीवर चिखल थापला, वर पाला पसरला आणि झोका बांधून घरी गेला. 

दुपारी झोक्यावर खालच्या वाडीतल्या ठकू आणि गौरा बसल्या होत्या. बांध तिथंच फुटला. उंबर आडवं झालं आणि दोघींना घेऊन गेलं.

तुळसा पलीकडच्या काठाला होती. झाड गेलं, तिला साधा ओरखडाही नव्हता. बापाला मिठी मारून ती रडत म्हणाली, "आबा, तू तर रोज बांध बघतोस. आज नव्हता का रे बघितलास?"

 त्या दोघींच्या आयांपुढे हैबतीनं सगळं कबूल केलं, म्हणे. त्यांनी शिवी दिली नाही आणि माफही केलं नाही. त्यानं माती वाहून बांध पुन्हा उभा केला, पण मरेपर्यंत कुठल्याच झाडाच्या सावलीला बसला नाही.

आजही पावसाळ्यात त्याच जागी उंबर उगवतं. हा बघा, तुमच्या पायाशीच कोंब आहे. का हो ताई, हात का थांबला? देवाचं झाड, म्हणून? कानाला हात लावा आणि उपटा. तुमची मुलगी काठावर उभी आहे, खरं आहे. पण पाण्यात कुणाच्या तरी पोरी आहेतच ना.